सुतळी

"पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"
नागपूर, सातवा मजला, काचेची खोली.
विचारणाऱ्या बाईंचं घड्याळ माझ्या तीन पगारांचं असावं.
माझ्या ओढणीला अजून घाटंजीच्या पहाटेच्या एसटीचा वास.

मी पाहिलं, तर दिसलं
तीस खाटांचं आमचं रुग्णालय,
त्यातल्या चौदा खाटांना गाद्या,
आणि दारावर माझं पद, खडूनं लिहिलेलं,
कारण करार अकरा महिन्यांचा
आणि रंगाला पैसे लागतात.

मावशी विचारते, "डॉक्टर नाही, नर्स नाही,
मंग तू करते काय वं तिथं?"
लसींच्या फ्रीजचं तापमान लिहिते, दोन वेळा.
लाइट गेली की जनरेटर, जनरेटर म्हणजे डिझेल,
डिझेल म्हणजे पंपावरच्या राठोडांची उधारी,
उधारी म्हणजे मी.

"एखादी ठळक कामगिरी सांगा."
कागदावर होतं: गुणांकन बावन्नवरून एक्काहत्तर.
तोंडातून निघालं, "सुतळी."

वेचणीचे दिवस होते. रात्री अडीचला
कोलाम पोडावरून आलेली बाई बाळंत झाली.
बाळ निळं.
सिलिंडर भरलेला, मीच भरून आणवलेला, नोंद आहे.
चावी नव्हती.
वीतभर लोखंड, टोकाला चौकोनी भोक, एवढंच.
मडावी सिस्टर ओठ दाताखाली धरून
रबरी फुगा दाबत राहिल्या, दाबत राहिल्या,
आणि आम्ही धुंडाळत होतो खिसे, ड्रॉवर,
अ‍ॅम्ब्युलन्सचा डबा, देवाच्या फोटोची मागची बाजू.
अकरा मिनिटं.
सापडली स्टोअरच्या कपाटात, पेपरात गुंडाळलेली,
कुलूपबंद,
हरवू नये म्हणून.

बाळाचं पुढं काय झालं, बाईंनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

बुधवारच्या बाजारातून वीस रुपयांची सुतळी आणली.
एकेका सिलिंडरच्या मानेला एकेक चावी,
गाठ अशी की फिरवता यावी, सोडवता येऊ नये.
ऑडिटवाल्यानं लाल शाईत लिहिलं:
सुतळी, पावती नाही, वसूलपात्र.
भरले मी वीस.

बाईंनी काहीतरी टिपलं.
मग पगार सांगितला. चौपट.
मग मजला दाखवला: प्रत्येक उशीमागं
भिंतीतूनच येतो प्राणवायू,
चावी लागतच नाही.
बरं वाटलं, खरंच. आणि आतून थोडं जळलंही.
"पंधरा दिवसांत कळवा," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत, वडकीच्या पुढं,
खिडकीबाहेर काळोखात जिनिंगचे दिवे.
हिशेब करते: कराराचे दोन महिने उरलेत.
मावशीला अजून उत्तर दिलेलं नाही.
सुतळी वर्षभरात कुजते,
दिवाळीच्या आत बदलायला हवी, मी असो नसो.
या वेळी पावती घेईन म्हणते.
बाजारातल्या पोचूबाईकडं पावतीबुक कुठलं?

अंगठा घेईन.