पान हललं नाही

ट्रॉम्सोत दोन महिन्यांनी सूर्य परतला,
डोंगराच्या खांद्यावर पाच-सहा मिनिटं,
उकडलेल्या बिटासारखा.
वर्ग सोडून पोरं आवारात उभी,
हातात जॅम भरलेले बन, ओठांना साखर.

तुरीद एकटी प्रयोगशाळेत,
उद्याच्या तासाची तयारी.
जस्ताची पट्टी तिनं पॉलिश पेपरनं घासली
चकचकीत होईस्तोवर,
पॉलिथिनची कांडी लोकरीवर फिरवून
पट्टीला ऋण भार दिला.
विद्युतदर्शीतलं सोन्याचं पान
दांडीपासून दूर सरलं
आणि तसंच राहिलं, रुसल्यासारखं तिरकं.

खिडकीतून सूर्य पट्टीवर आला.
पान हललं नाही.
लाल दिवा लावला, पाचशे वॅटचा,
जवळ, चटका बसेल इतका.
पान हललं नाही.
शेजारी दुसरा लावला.
दरवर्षी ती पोरांना सांगते,
इलेक्ट्रॉनला हप्ते चालत नाहीत.
थोडं आत्ता, थोडं मग, असं साठवून
तो उंबरठा ओलांडत नाही.
एका दमात पुरेसं मिळालं तर निघाला,
नाहीतर पट्टी नुसती तापते.

दारातून आइलु डोकावला, आठवीतला,
तिच्यासाठी बन घेऊन.
"बेआइवी आला," म्हणाला, आणि पळाला.

मग पाऱ्याचा लहानसा दिवा,
डोळ्यांना जेमतेम जांभळट.
पान लगेच उतरायला लागलं.
मध्ये काच धरली, थांबलं.
काच काढली,
दांडीला येऊन टेकलं.

संध्याकाळी वृद्धाश्रमात
आई भिंतीकडे तोंड करून.
शरद संपल्यापासून एक शब्द नाही.
तुरीदनं नॉर्वेजियनमध्ये सगळं करून पाहिलंय:
फोटो, प्रार्थना, हाका,
एकदा तर ओरडलीही.
वसतिगृहात जी भाषा बोललं की
मास्तरांची पट्टी बसायची हातावर,
ती आईनं घरात कधी आणली नाही.
लेकीला तिचं काही येत नाही.

कोट न काढताच ती कॉटवर टेकली.
"बेवी," म्हणाली, हळूच,
कुणी ऐकू नये अशी.

आईनं मान वळवली नाही.
पांघरुणावरची मूठ तेवढी सुटली.
तीत दुपारच्या कॉफीचा साखरेचा खडा,
घामानं कडा झिजलेला.

"बेआइवी," आई म्हणाली.
चूक सुधारत.