केदार नावाचं क्रियापद

पहिल्या आठवड्यात वाटलं, दुकानात कुणी केदार आहे.
एदेलमीराबाई तोंडात टाचण्या धरून बोलायच्या,
अर्धं वाक्य ओठांतच टोचून राही,
पण तो तेवढा स्वच्छ ऐकू येई: केदा, केदामोस, केदाते,
कधी आरशापाशी, कधी गल्ल्यापाशी,
कधी दाराबाहेर, पत्ता विचारणाऱ्यांबरोबर.
मागच्या खोलीत इस्त्री करता करता
मी वळून बघायची, कोण आलंय.

सामोरा. दुएरोच्या काठचं गाव,
चर्चच्या घंटेवर करकोच्यांची घरटी.
आणि हे कपडे दुरुस्तीचं दुकान, जे बसस्थानकाच्या मागे केदा.
म्हणजे: तिथे आहे.
लिहून घेतलं.

मग राखाडी दोरा संपला. नो केदा.
म्हणजे: उरला नाही.
हेही लिहिलं, पहिल्याच्या खाली, जरा शंकेनं.
एकच शब्द आहेपण सांगतो, आणि संपल्याचं सांगायलाही तोच?

पोस्टातला इल्देफोन्सो पुतणीच्या लग्नाचं जाकीट घालून
पोट आत ओढून आरशासमोर उभा राहिला.
बाई म्हणाल्या, केदा घट्ट.
आमच्याकडे कपडा अंगाला बसतो,
यांच्याकडे तो अंगावर राहतो.
बसलेला कधी तरी उठेल, एवढं मला सुचलं.
राहिलेल्याचं काय, ते नाही सुचलं.

जाताना त्यानं दहाची नोट ठेवली, हात हलवला,
केदाते, म्हणाला, सुट्ट्यांकडे न बघता.
हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.
किती रिक्षावाल्यांना मी म्हटलंय: राहू द्या.

शुक्रवारी शटर ओढताना समोरच्या फळवाल्या निकासियानं विचारलं,
केदामोस?
मी मनात वही उलटीपालटी केली.
आपण उरतो? आपण घट्ट होतो? आपण कुठे आहोत?
ती हसली. सात वाजता, दगडी पुलावर, म्हणाली,
आणि घड्याळावर बोट ठेवलं.
राहण्याच्या शब्दानं घराबाहेर पडायचं,
कुणाला तरी भेटायचं ठरवायचं.
त्या रात्री मी चीज खाल्लं, वारा खाल्ला,
आणि बऱ्याच महिन्यांनी उशिरा झोपले.

नोव्हेंबरात सेकू आला,
मालीहून समुद्रमार्गे आलेला, पातळ जाकिटातला.
बाईंनी कपाटाच्या तळातून एक ओव्हरकोट काढला.
त्याला दुरुस्तीची चिठ्ठी नव्हती. कधीच नव्हती.
बाह्या बोटांच्या खाली उतरल्या. बाई गुडघ्यांवर बसल्या.
केदा लांब, म्हणाल्या.
मग टाचण्या तोंडातून काढून तळहातावर घेतल्या,
आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलल्या:
हा फ्रुक्तुओसोचा. माझा नवरा.
ऑपरेशनच्या टेबलावर से केदो.

मी मनात भाषांतर केलं. तिथेच राहिला.
चुकलं वाटलं, म्हणून परत केलं. तिथेच राहिला.

सेकूनं कॉलर वर केली, खिशात हात घातले,
एका खिशात काही तरी लागलं असावं,
कारण त्यानं ते बाहेर न काढता मुठीत धरलं.
मे लो केदो, म्हणाला. घेतो मी हा.
त्याचा भार *के*वर, बाईंचा *दो*वर.
माझ्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात,
वहीत एकमेकांशेजारी, आणि आता मला
कुठला कुणाचा ते आठवावं लागतं.

बाईंनी घेर चार बोटं वर घेतला.
कात्री मी पुढे केली, त्यांनी घेतली नाही.
जादाचं कापड आत दुमडून
लांब, सैल टाके घालत गेल्या.
पुढे कुणी उंच निघाला तर, पुटपुटल्या.
टाचण्या परत तोंडात होत्या.