लिंबाला हात लावून

विडी घरकुलात, आमच्या गल्लीच्या टोकाला
एक वाळका लिंब आहे.
शेंडा दोन वर्षांपूर्वीच गेला त्याचा,
उरलेल्या फांद्यांवर केबलच्या वायरी.
मार्चात त्याच्यावर सुतार आला.

मी उंबऱ्यात विड्या वळत होते.
आधी वाटलं, कुणीतरी खिडकी बसवतंय.
मग सुपातल्या पानांवर भुसा पडला.

नायनांना ऐकू आलं नाही.
छत्तीस वर्षं पॉवरलूमच्या शेडात काढली त्यांनी.
फंडाचे पैसे तरी मिळाले,
कान नाही मिळाले परत.

त्यांनी नुसतं पाहिलं,
आणि विणकराचा डोळा, आधी रंगच मोजले.
पाठ सोनेरी, पोटावर काळे-पांढरे खवले, तुरा लाल.
"चार कांड्या लागतील," म्हणाले,
"चादरीला परवडायचं नाही."

तिसऱ्या दिवशी उठून
त्यांनी खोडाला तळहात लावला.
वर तो शेपूट टेकवून बसलेला,
दोन बोटं पुढं, दोन मागं,
मान मागं, चोच आत, मान मागं,
आणि खाली नायना हसले.
"लूम जोरात आहे. धागा तुटत नाहीये."

साईचरणनं शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, ओरडून:
त्याची जीभ कवटीच्या मागून फिरून येते,
कांडीवर सूत असावं तशी,
मुंग्या दिसल्या की सुटते.
नाकपुड्यांवर बारीक पिसं,
भुसा आत जाऊ नये म्हणून.
"परत वाच," नायना म्हणाले.
नाकपुड्यांवर बारीक पिसं.
ते खोकले तेवढे.
शेडात त्यांनीही टॉवेल बांधला होता नाकाला,
पहिले दोन दिवस.
सगळे हसले म्हणून सोडला.

चैत्रात अंडी घातली असावीत.
दिवसा दोघं आळीपाळीनं आत जायची,
रात्री फक्त नर.
"रात्रपाळी," नायना म्हणाले,
आणि अम्माच्या फोटोकडं बघितलं
की नुसतं भिंतीकडं, मला कळलं नाही.

मग एका दुपारी, बेचाळीस डिग्रीत,
महापालिकेची माणसं करवत घेऊन आली.
वाळकं झाड, खाली वायरी,
अकरा नंबरच्या चिट्यालांची तक्रार.
नायना खोडाला पाठ लावून उभे राहिले.
माणसं काय काय सांगत होती,
त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.
त्या दिवशी, मला वाटतं, थोडं येत होतं.

पिल्लं उडाली.
ढोली पोपटांनी घेतली, डिपॉझिट न देता.
सुतार ओढ्यापलीकडं गेला, सुबाभळीत,
हवेत धावदोरा घालत,
वर, खाली, वर.

नायना संध्याकाळी फिरायला जातात अजून.
वाटेतल्या एकेका झाडाला हात लावतात.
काल डीपीजवळच्या लोखंडी खांबाला लावला.
मी जिवाच्या आकांतानं ओरडले.
त्यांनी हात काढला, सावकाश,
आणि म्हणाले,
"चालू आहे."