अकारण थांबा

लानचौमध्ये पहाटे पाचला
मुळ्याच्या चकत्या तरंगणाऱ्या रश्शातल्या शेवया
मी उभ्यानेच फुंकून खातो.
पिवळी नदी तेव्हा पिवळी नसते,
नुसती ओली आणि काळी.
लोखंडी पुलावर कुणी म्हातारा
व्यायाम म्हणून उलटा चालत असतो,
आलेल्या वाटेकडे तोंड करून.

मग छत्तीस माणसं, एक गाईड
(च्वे मिनचू, घसा कायमचा बसलेला)
आणि पश्चिमेला अकराशे किलोमीटर.

तिचा पाठ मला झोपेतही म्हणता येतो:
वूवेईचा घोडा, एक टाप उडत्या पाखरावर.
चांग्येचा निजलेला बुद्ध,
कानात आठ जण बसतील एवढा.
च्यायूक्वानचा किल्ला, अन् बांधून उरलेली
एकच वीट, जिवापाड जपलेली.
आणि तुनह्वांगला, वाळूच्या डोंगरांच्या कुशीत,
कोरीसारखं तळं.
तिथे उंटांनाही सिग्नल आहे.
हिरवा झाला की उंट रवंथ करत निघतात,
घाई फक्त वर बसलेल्यांना.

चांग्ये सुटल्यावर पाऊण तासाने
उजव्या हाताला माझं गाव.
थुचिंग, म्हणजे मातीची विहीर.
विहीर नाही. माती आहे.
कांद्याची शेतं, आणि शेतात एक मातीचा बुरूज,
कुठल्या राजाचा कोण जाणे;
शेळ्या त्याला पाठ घासतात.

च्वे तिथे माईक बंद करते.
"आता दीड तास काही नाही. झोपा."
पडदे ओढले जातात.
मी दोनदा हॉर्न देतो,
कुंपणापलीकडे बाप फावडं वर करतो.
अकरा वर्षं आमचं बोलणं एवढंच;
फोनवर कांद्याचा भाव असतो, तो वेगळा.
वाट वाकडी करायची सोय नाही,
गाडीत एक काळी डबी आहे,
ती आभाळाला चहाड्या सांगते.

एप्रिलात वाळू उठली.
आधी डोंगर गेले, मग दुभाजक,
मग माझेच वायपर.
पोलिसांनी दिवे हलवत हमरस्त्यावरून खाली काढलं,
आणि खाली थुचिंग.

छत्तीस माणसं कांद्याच्या गोदामात.
बापाने गरम पाणी दिलं. कप नऊच,
पाळीपाळीने.
निंगबोच्या एका बाईंनी दाराच्या फटीतून बुरूज पाहिला.
"याचं तिकीट किती?"
बाप म्हणाला, "बघायचं? डोळे तुमचेच ना?"
त्या हसल्या नाहीत.
स्कार्फ तोंडाला गुंडाळून वाळूत गेल्या,
भिंतीला तळहात लावला
आणि तसाच ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा.

मी बापाला म्हटलं, एकदा चल माझ्याबरोबर.
निदान रंगीत डोंगर तरी बघ,
नव्वद किलोमीटर तर आहेत.
लोक समुद्राकडून येतात,
मावळतीला डोळे पुसतात तिथे.

"ते लाल-पिवळे पट्ट्यांचे?"
बाप कपावरची वाळू पुसत होता.
"पोरवयात शेळ्या घेऊन तीन दिवस अडकलो होतो तिथे.
गवताची काडी नाही.
दोन शेळ्या गेल्या.
शिव्या देत परत आलो.
आता काय उगवलं त्यात?"

मला सांगता येईना.
गोदामात कुणी तरी खोकलं.
च्वे माईकशिवायच,
बसक्या आवाजात, बुरुजाबद्दल काही सांगू लागली,
अर्ध्यात थांबली,
आणि बापाकडे बघून म्हणाली, "तुम्हीच सांगा."
बाप म्हणाला, "शेळ्यांना विचारा."

कंपनीचा कागद आठवड्याने आला:
अकारण थांबा, दोन तास चौदा मिनिटं.
वादळासाठी रकाना नव्हता.
मी सही केली.

हो, त्या दिवशी मागच्या सीटखाली
एक कांदा राहून गेला होता.
च्यायूक्वानच्या वळणावर तो डावीकडे गडगडला,
मग रात्रभर इकडून तिकडे.
कुणी उचलला नाही.
तुनह्वांगात शिरताना सिग्नल लाल झाला,
मी ब्रेक दाबला,
आणि तो छत्तीस जणांच्या पायांतून वाट काढत
येऊन माझ्या टाचेला लागला.