हातचा

सत्तावीस अधिक पंधरा.
सात आणि पाच बारा, बाराचे दोन खाली,
हातचा एक.
कुठे ठेवायचा हातचा? मी विचारलं,
तर बावीस हात वर.
लॉर्कनचा नाही.
त्याने दशकाच्या डोक्यावर, जिथे एक लिहायचा तिथे,
नखाएवढी बोट काढली होती
आणि आता तो ती खोडत होता,
कागद फाटला, बाकाचं लाकूड दिसलं,
तरी खोडतच होता.

मागे मिसेस हॅरिंग्टन, मांडीवर माझं निरीक्षणपत्रक.
आवाज स्पष्ट. फळ्याचा वापर चांगला.
एका मुलापाशी चार मिनिटं गेली,
वेळेचं नियोजन सुधारावं.

खरंय. गेली चार मिनिटं.
मी त्याच्याशेजारी उकिडवी बसले
आणि विचारलं नाही, हे काय आहे म्हणून.
का नाही विचारलं, त्याला पत्रकात रकाना नव्हता.
त्याच्या घरचं मला ठाऊक नाही,
शिकाऊ बाईंना सगळं सांगत नाहीत.
मी फक्त माझ्या वहीचं कोरं पान
त्या भोकाखाली सरकवलं.
तो थांबला.
भोकातून खालच्या पांढऱ्यावर
त्याने पेन्सिलीने एक ठिपका दिला.
मग घंटा झाली, डबे उघडले,
ठिपका माझ्याकडे राहिला.

कोव्हच्या धक्क्याला आज पर्यटकांचं जहाज लागलंय,
गावातल्या रंगीत घरांची रांग झाकून.
बाबा पायलट बोटीचं इंजिन उघडून आलाय,
टेबलावर माझं माहितीपुस्तक:
आर्ट थेरपी, पदव्युत्तर, दोन वर्षं.
‘अजून शिकायचं? आधीच्या पदवीची शाई तरी वाळू दे.’
मग तेलकट बोटाने फीचा आकडा शोधतो,
शेवटच्या शून्यावर डाग पडतो.
‘चित्रं काढून बरं होतं कुणी?’
चेष्टेने नाही विचारत. उत्तर हवंय त्याला.
मलाही.

निसा फोनवर: सप्टेंबरपासून कायमची नोकरी मिळतेय,
तिसरीचा वर्ग, खिडकीतून बंदर दिसतं,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस बाई.
हातचं.
दिवसभर हाच शब्द.

अटी वाचते.
वर्षभर कामाचा अनुभव.
स्वतःही उपचार घ्यायचे, दर आठवड्याला, स्वतःच्या खर्चाने.
(इथे मी पान उलटते, मग परत मागे येते.)
आणि स्वतः काढलेली वीस चित्रं.
माझ्याकडे वीस तक्ते आहेत:
फुलपाखराचं जीवनचक्र, पावाची फॅक्टरी,
कापूस चिकटवलेल्या अकरा मेंढ्या,
सगळं लॅमिनेट केलेलं,
काहीही सांडलं तरी पुसता येईल असं.
चित्र एक नाही.
शेवटचं कधी काढलं होतं, आठवायला जावं
तर आईच्या दवाखान्याचा जिना आठवतो,
आणि हिरवा खडू, आणि पुढे नाही.

रात्री अर्जातली पहिली चौकट:
हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?
तीन ओळी लिहिते. मुलांना मदत वगैरे.
खोडते.
शेजारी लॉर्कनचं पान.
त्या ठिपक्याला शिडाची रेघ जोडावी असं वाटतं,
हात पुढे जातोसुद्धा.
नाही. तो माझा नाही.
दुसरा कागद घेते, घरात हिरवा खडू नाही,
बाबाच्या बोटाचं तेल पुस्तकावरून कागदावर उमटलंय,
तिथून सुरू करते,
एक पायरी, दुसरी वाकडी,
तिसरीवर बराच वेळ थांबते.

त्याच्या वहीत उत्तर बत्तीस होतं.
हातचा मिळवायचा राहिला.
चूक म्हणून खूण करायची असते,
मी केली, पण पेन्सिलीने.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.
सोमवारी वजाबाकी आहे.
शेजारच्या घरातून दहा उसने घ्यायचे,
आणि परत कधी करायचे,
कुणीतरी विचारेलच.