प्रश्न क्रमांक सतरा

पहिली बस सात दहाला. मग दर वीस मिनिटांनी एक.
मरात आठ पाचला थांब्यावर पोचला.
तो किती वेळ थांबेल?

मूळ पुस्तिकेत तो मार्क होता.
भाषांतरात नाव बदलायची मुभा होती,
बस बदलायची नव्हती.

बिश्केकच्या त्या हॉलमध्ये आम्ही अकराजणी,
बहुतेक निवृत्त गणितवाल्या,
अंगात कोट, कारण हीटर फक्त खिडकीला ऊब देत होता.
एक म्हणजे बरोबर. शून्य म्हणजे चूक.
नऊ म्हणजे काहीच लिहिलं नाही.
हीच बस, सांगितलं होतं पहिल्या दिवशी,
कुठकुठल्या देशांतली मुलं याच वसंतात पाहताहेत,
आणि ती म्हणे सगळीकडे आठ दहालाच येते.

नारीनच्या वरच्या अंगाची एक शाळा.
पुस्तिकेवर मुलाचं नाव नसतं, आकडा असतो.
अक्षर बारीक, रेघेला धरून,
रेघ संपली तिथं समासात वळलेलं:
अजून चार माणसं येईपर्यंत.
बाजाराचा दिवस असेल तर लवकर.

हसले मी. मग हसू अडलं.
मी कोचकोरची. आमच्याकडे गाडी भरली की निघते,
ड्रायव्हरच्या मनगटावर घड्याळ नुसतं शोभेला.
पण चार कुठून काढले त्यानं?
प्रश्नात तर एकटा मरात.
तेव्हा कुठं चित्राकडे लक्ष गेलं,
उगाच जागा भरायला काढलेलं:
बसला आठ खिडक्या, तिघांत डोकी.
मरात धरून चार.
राहिले चार.

मार्गदर्शिका चाळली. पाच चालेल,
अक्षरी पाच चालेल, 'आठ दहापर्यंत' हेही चालेल.
चार माणसं कुठंच नव्हती.
झुराकानला दाखवलं. चष्म्यावरून बघत म्हणाली,
घोडं इथंच पेंड खातं, बाई.
दया आली की दोघींचे आकडे जुळत नाहीत,
न जुळले की वरून विचारणा.
मी शून्य लिहिलं.
तिनं पान न वाचता शून्य लिहिलं.
जुळलं.

पुढं कधीतरी तक्ता आला, दोन पानी.
आम्ही दुसऱ्या पानावर, तळटीपेच्या जरा वर.
टीव्हीवर एकजण म्हणाला, शिक्षकांना लाज हवी,
दुसरा म्हणाला, सिंगापूरला पथक धाडू.
बहिणीनं फोनवर विचारलं, तुझ्याच हातून गेले ना ते कागद?
काय सांगायचं.
पुष्कळ मुलांना खरंच वजाबाकी येत नव्हती.
नऊ, नऊ, नऊ, पानामागून पान मीच लिहिलेत.
त्यांच्यासाठी माझ्याकडे गोष्ट नाही.

शनिवारी स्टँडवर कोचकोरची गाडी उभी.
पिशवी मांडीवर घेऊन बसले, मान वळवून मोजलं:
दोन जागा.
ड्रायव्हर दारात सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.
विचारलं, कधी सुटणार?

टरफल थुंकलं त्यानं, रस्त्याकडे बघितलं.
बोलला काहीच नाही.

नऊ.