सोडण्याचं कारण

मुजीबच्या दुकानात तीन खुर्च्या,
त्यातली एक आमच्याच एक्स्चेंजची, भंगारात निघालेली.
पाठीवर पांढऱ्या रंगात अजून वाचता येतं: सेलू, ७.
मी तिच्यावरच बसलो.

"चाचा, अंगूठा लगाव."
लावला. मशीन लाल.
लुंगीला पुसून लावला. लाल.
एकोणतीस वर्षं तारा सोलल्या ह्या अंगठ्यानं,
पकड सापडली नाही की नखानं,
रेषा कशाला थांबतील तिथं.
शेवटी करंगळीनं ओळख दिली.
ती कधी कामाला आली नव्हती, म्हणून शाबूत.

पोर्ट लिहायचं, पुढं नंबर, एकोणीसशेला पाठवायचं.
बटणाचा फोन. सातावर एकदा, सहावर तीनदा,
पुन्हा सातावर तीनदा, आठावर एकदा.
आठ वेळा बोट दाबलं की झालं.
काही वाटलं नाही.
वाटलं.
कोड लगेच आला.
आमच्या खात्यातून इतक्या लवकर
मला कधीच काही आलं नव्हतं, पेन्शनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पोरीचा फोन,
मराठी अगदी छापील:
सर, आपण आम्हाला सोडून का जात आहात?
आता हिला काय सांगावं.
कारणांचा रकाना मीच भरायचो, माझ्या अक्षरात:
वालूर रस्ता, तार चोरीला.
वकीलसाहेब, आवाजात खरखर.
दवाखाना, डीपी बॉक्समध्ये उंदराची पिल्लं.
लोकांच्या शिव्या मी ऐकल्या, त्या लिहायला रकाना नव्हता.
तिला सांगू का, की लाईट गेली की
टॉवर पण घरी जाऊन झोपतो?
की लेकीनं पुण्याहून काचेचा फोन पाठवलाय
आणि त्यात नात येते ती आधी नुसतं कपाळ,
मग चक्र फिरतं,
मग कपाळच?

म्हणलं, लिही: लाईनमन रिटायर.
सर, यादीत असा पर्याय नाहीये.
मग काय काय आहे?
तिनं वाचून दाखवलं. बिल, नेटवर्क, वागणूक, इतर.
इतर टाक बाई.
फोन ठेवताना ती म्हणाली, धन्यवाद, आपला दिवस शुभ असो.
मी म्हणलं, जेवलीस का?
तोवर कट.

तिसऱ्या रात्री जुनं सिम गेलं
आणि नवं उठेना.
नंबर माझाच, पाठ, पण कुणाच्याच खांबावर नाही.
बाहेर ओट्यावर बसून राहिलो.
व्यंकटी आठवला.
देवगाव फाट्याच्या खांबावर चढून टेस्ट फोन अडकवायचा
आणि हॅलो कधी म्हणायचा नाही. विचारायचा:
आहेस का?
इकडून मी म्हणायचो, आहे.
एवढ्यावर लाईन पास.
त्याच्या बायकोचा नंबर जुन्या फोनच्या पोटात होता,
सिमवर नाही, हे मला मागाहून कळलं.
आता वहीत शोधावा लागेल. वही कुठंय.

पहाटे चारला काचेच्या फोनवर दोन काड्या उभ्या राहिल्या.
साडेसातला तो वाजला.
हिरवं गोल वर सरकवायचं असतं, दाबायचं नसतं,
हे समजेस्तोवर दोनदा वाजून गेला.
तिसऱ्यांदा सरकला
आणि सवयीनं मी तो कानाला लावला.

"बाबा, कान दिसतोय तुमचा. नुसता कान!"
मागं नात खिदळतेय.
दिसू दे, म्हणलं. नोकरी त्यानंच केली.
"समोर धरा ना. बाबा? आहात का?"

आहे, म्हणलं.
मग फोन समोर धरला.
कपाळ, डोळे, पडलेले दोन दात, सगळं एकदम आलं.

खुर्ची तेवढी मुजीबकडून आणायची राहिलीय.
कितीला देतो बघू.